ओव्हरक्लॉक करूनही कॉम्प्युटर मंदच चालतो? या चुका टाळा

प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगावर लावला, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पानावर) ४.५ गीगाहर्ट्झचा आकडा दिसतो, विंडोजही तोच आकडा दाखवते, आणि तरीही लग्नाच्या व्हिडिओचे रेंडर, म्हणजे अंतिम फाइल तयार होण्याचे काम, पूर्वीपेक्षा उशिरा संपते, अशी तक्रार आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतले फोटो स्टुडिओवाले आणि गेम खेळणारी मुले नेहमी करतात. अशा वेळी बहुतेक जण व्होल्टेज आणखी थोडे वाढवतात आणि कॉम्प्युटर आणखी मंदावतो. आजचा प्रोसेसर बायोसमध्ये भरलेला आकडा निमूटपणे पाळत नाही. तापमान, वॉट आणि करंट यांच्या मर्यादा तो क्षणोक्षणी तपासत असतो आणि त्यांपैकी एक जरी गाठली गेली तरी स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. त्यामुळे नेमकी कोणती मर्यादा आड येत आहे, हे ओळखल्याशिवाय बायोसला पुन्हा हात लावणे व्यर्थ आहे.

थंडीत जमवलेली सेटिंग मे महिन्यात तशीच ठेवणे

विदर्भात ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिचा फटकाही सर्वांत मोठा बसतो. ओव्हरक्लॉकिंगचे जे व्हिडिओ पाहून आपण आकडे उतरवून घेतो, त्यांतल्या बहुतेक चाचण्या २२ ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत झालेल्या असतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत दुपारी ४० अंश असणे यात नवल नाही. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, कितीही महागडा असला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही वर चढतो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत पूर्ण भाराखाली ७८ अंशांवर स्थिर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९६ अंशांच्या आसपास पोहोचतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आणि एएमडी कंपनीच्या रायझन मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची ९० ते ९५ अंशांची असते. म्हणजे जानेवारीत उत्तम चाललेली तीच सेटिंग लग्नसराईच्या ऐन गर्दीत, जेव्हा कामाचा खरा भार असतो तेव्हाच, कोलमडते. बहुतेक मदरबोर्डवर बायोसमध्ये सेटिंगचे एकाहून अधिक प्रोफाइल जतन करता येतात. उन्हाळ्यासाठी एक वेगळे प्रोफाइल ठेवावे, त्यात वेग १०० ते २०० मेगाहर्ट्झने कमी असावा आणि त्याच्या जोडीने व्होल्टेजही उतरवलेले असावे.

कापसाच्या गावांत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि कॅबिनेटमध्ये ओढले जातात. बाहेरून पाहिले तर पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात; परंतु चार स्क्रू किंवा क्लिपा काढून पंखा उतरवला की पंखा आणि हीटसिंकची पाती यांच्यामध्ये नमद्यासारखा करडा थर बसलेला आढळतो. तो बोटाने धरून ओढला तर सलग निघतो. पंखा वेगाने फिरत असतो, आवाजही होत असतो, पण हवा त्या थराच्या पलीकडे जात नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण हवेच्या झोताने तो बेसुमार वेगाने फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. हीटसिंक उचलला असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून नवी लावावी. जुन्यावरच नवी लावू नये.

घरचा वाळ्याचा कूलर थेट उघड्या कॅबिनेटवर सोडण्याची पद्धतही सोडून द्यावी. त्याने तापमान उतरते हे खरे. पण कूलरमधून पाण्याचे बारीक तुषार उडतात, आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या त्या भागात, या पाण्यातले क्षार मदरबोर्डवर पांढरा थर धरतात. खोली थंड राहील असा कूलर लावावा, पण त्याचा झोत कॅबिनेटवर पडू देऊ नये.

दाखवलेला आकडा खरा मानणे

विंडोजचा टास्क मॅनेजर किंवा सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर यांत दिसणारा वेग आणि प्रत्यक्षात होणारे काम यांत अंतर असू शकते. विशेषतः रायझनमध्ये व्होल्टेज गरजेपेक्षा कमी पडले तर प्रोसेसर बंद न पडता ज्या अंतर्गत ठोक्यांवर तो काम करतो ते आतल्या आत लांबवतो, आकडा ४.५ चाच दिसत राहतो आणि काम मात्र त्याहून पुष्कळ कमी वेगाचे होते. हे पकडण्यासाठी एचडब्ल्यू-इन्फो हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे आणि त्यातली ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ ही ओळ पूर्ण भाराखाली पाहावी, कारण प्रोसेसर मोकळा असताना ती कमीच दिसते. इंटेलच्या प्रोसेसरसाठी त्याच ठिकाणी थर्मल थ्रॉटलिंग (उष्णतेमुळे वेग उतरवणे) आणि पॉवर लिमिट (वॉटची मर्यादा) यांच्या ओळींपुढे ‘येस’ किंवा ‘नो’ असे स्पष्ट दिसते, त्यामुळे कोणती मर्यादा गाठली गेली हे तर्काने ठरवण्याची गरजच उरत नाही.

चाचणी सिनेबेंच या वेग मोजून गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरची घ्यावी आणि ती सलग १० मिनिटांची असावी. सर्वांत आधी बायोस मूळ सेटिंगवर आणून गुण लिहून ठेवावेत, कारण तुलनेला मूळ आकडाच नसेल तर ‘मंद झाला’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही. चाचणी दुपारी, ज्या खोलीत रोज काम होते त्याच खोलीत आणि कॅबिनेटचे झाकण लावून घ्यावी. पहिल्या मिनिटात वेग उत्तम असेल आणि पुढे हळूहळू घसरत असेल, तर कारण बहुधा उष्णतेत आहे. तापमान बेताचे असूनही साधारण अर्ध्या किंवा एका मिनिटानंतर वेग एकदम एक पायरी उतरत असेल, तर इंटेलमध्ये अल्पकालीन वॉट-मर्यादेची मुदत संपलेली असते. उदाहरणार्थ आय ५-१२४०० ला थोडा वेळ ११७ वॉट घेता येतात आणि नंतर मदरबोर्डने मूळ मर्यादा पाळली तर ६५ वॉटवर यावे लागते.

व्होल्टेज चढवत जाणे

प्रोसेसरचा विजेचा खर्च वेगाच्या सम प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४.२ गीगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ४.५ गीगाहर्ट्झला १.३५ व्होल्टवर नेला, तर वेग सुमारे ७ टक्के वाढतो आणि विजेचा खर्च, म्हणजेच उष्णता, सुमारे ३५ टक्के वाढते. हीटसिंकमध्ये तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची ताकद नसेल तर मिळवलेले ७ टक्के तर जातातच, वर पदरचेही काही जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या हवामानात व्होल्टेज थोडे उतरवणे हेच बहुतेकांसाठी खरे ओव्हरक्लॉकिंग आहे. रायझनच्या नव्या पिढ्यांमध्ये बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज उतरवण्याच्या सोयीने हे चांगले साधते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरचे जास्त व्होल्टेजमुळे कायमचे नुकसान होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केले आणि त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची) दुरुस्ती दिली. हे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी बायोस अद्ययावत केल्याशिवाय ओव्हरक्लॉकिंगचा विचारही करू नये.

रायझनवर सर्व कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकाच ठरावीक वेगाला बांधणे हीदेखील नेहमीची चूक आहे. रायझन ५ ५६००एक्स एका कोअरवर मूळचाच ४.६ गीगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याला सगळीकडे ४.४ वर बांधले की रेंडर थोडे लवकर होईल, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि बरेचसे गेम यांसारखी एका-दोन कोअरवर अवलंबून असलेली कामे आधीपेक्षा मंद होतील.

मदरबोर्ड आणि रॅमकडे दुर्लक्ष

एएमडीच्या ए३२० आणि ए५२० या चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपच्या) बोर्डवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची अधिकृत सोयच नाही, आणि इंटेलमध्ये साधारणपणे नावात के अक्षर असलेला प्रोसेसर व झेड मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड दोन्ही लागतात. स्वस्त बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारा व्हीआरएम आधी तापतो. प्रोसेसर ७० अंशांवर असतानाही वेग अचानक खूप खाली कोसळतो आणि काही क्षणांनी पुन्हा वर येतो, ही त्याची खूण. पाण्याचा कूलर बसवल्यावर प्रोसेसरजवळचा पंखा जातो आणि व्हीआरएमला मिळणारी हवा थांबते, म्हणून तिथे वेगळा पंखा द्यावा.

रॅमची गोष्ट तर सहज नजरेआड होते. ओव्हरक्लॉक न पेलल्यामुळे कॉम्प्युटर सुरू झाला नाही की बोर्ड सेटिंग मूळावर आणतो आणि त्यात एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, हीदेखील बंद होते. मग आपण प्रोसेसरचा आकडा पुन्हा भरतो, पण ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर हा वेग लगेच कळतो. रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल तर आधी दुसरी घ्यावी, प्रोसेसरचा वेग नंतर पाहावा.

दोष लाइनवर ढकलणे

गावात व्होल्टेज कमी असते म्हणून कॉम्प्युटर मंद चालतो, हा समज चुकीचा आहे. चांगला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, १०० ते २४० व्होल्टच्या दरम्यान आतला पुरवठा स्थिर ठेवतो. त्याच्या आवाक्याबाहेर गेले तर कॉम्प्युटर बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो, मंदावत नाही. मात्र लाइन वारंवार गेल्यावर काही बोर्ड ओव्हरक्लॉक फसला असे समजून सेटिंग मूळावर आणतात. तारीख आणि वेळ चुकू लागली असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलावा, कारण तो संपत आला की जतन केलेली सेटिंगही टिकत नाही. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवलेली असेल तर टर्बो, म्हणजे गरजेनुसार आपोआप वेग वाढवण्याची सोय, बंदच राहतो, तीही एकदा पाहावी.

एवढे करूनही गुण कमी येत असतील तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, ‘व्हीया लॉगर’ (WHEA-Logger) या नावाच्या नोंदी शोधाव्यात. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण आतल्या आत चुका दुरुस्त करत बसतो आणि त्यात वेळ जातो, असे या नोंदी सांगतात. त्या दिसल्यास बायोसमधला गुणक (प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) एक पायरी खाली आणून पुन्हा १० मिनिटांची चाचणी घ्यावी. बायोस पूर्णपणे मूळ सेटिंगवर असतानाही त्या येत राहिल्या, तर दोष ओव्हरक्लॉकिंगचा नसून प्रोसेसर, रॅम किंवा बोर्ड यांपैकी एखाद्या भागाचा असतो, आणि तो भाग वॉरंटीत असेल तोपर्यंतच बिलासह दुकानात दाखवावा.