चेरी श्रिंप घरी आणण्याआधी

चेरी श्रिंप म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत पाळायची छोटी कोळंबी. टाकी, वाळू, दिवा यांच्यावर शब्द घालवत नाही, दुकानदार ते देईलच. सुरुवात डासांच्या औषधापासून करा. ज्या खोलीत टाकी ठेवणार तिथलं लिक्विडचं मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे, सगळं बाहेर काढा. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो आणि या औषधांतली पायरेथ्रॉइड्स, म्हणजे कीटक मारणारी रसायनं, श्रिंप मारायला अगदी थोडीही पुरतात. माझी आधीची टाकी यातच गेली. पाण्याच्या सगळ्या चाचण्या ठीक होत्या, मशीनकडे लक्षच गेलं नव्हतं.

फिल्टर स्पंजचाच घ्या. पिल्लं जेमतेम दोन मिलिमीटरची असतात, दुसरा फिल्टर ती ओढून घेतो. जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झुडूप, भरपूर हवं. नवीन वनस्पतींवर कीटकनाशक असू शकतं, म्हणून त्या आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा आणि पाणी बदलत राहा. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते टाकीजवळही नको.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढा. नुसतं आरओचं पाणी चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतंच म्हटलं तरी चालेल आणि मग कात टाकताना श्रिंप अडकतात. डोकं आणि पोट यांच्या मधे पांढरं कडं दिसलं की ती बहुधा वाचत नाही. जीएच (पाण्याचा कठीणपणा) ६ ते ८ ठेवा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) २००च्या आसपास. टाकी महिनाभर पाणी भरून, पण श्रिंपशिवाय चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय दुकानात जायचंच नाही, कितीही मोह झाला तरी.

आणि मशीन? काढलंत ना? शेजारच्या खोलीतलंही बघा. टाकीच्या खोलीचं दार उघडंच असतं. झोपायला मच्छरदाणी लावा.

दहा-पंधरा नग घ्या, एकाच रंगाचे. लाल आणि निळे एकत्र वाढवलेत तर पुढच्या पिढ्या मातकट निघतात. मासे नकोत, पिल्लं खातात. आणल्यावर टाकीचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब दोन तास पिशवीत सोडा.

मादीच्या मानेमागे पिवळसर डाग दिसला की अंडी तयार होताहेत. पुढे ती पोटाखाली येतात, वीस-तीस, आणि मादी पोटाखालचे पाय हलवून त्यांना सतत वारा घालत असते. हे बघायला भिंग हातात ठेवा. तीन-चार आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात, थेट मोठ्यांसारखीच दिसणारी, फक्त इवलीशी. त्या दिवसांत टाकीत हात घालू नका.

पावसाळ्यात सोसायटीत धुराची फवारणी येते. आवाज आला की खिडक्या बंद, पंप बंद, टाकीवर झाकण. वास पूर्ण गेला की पंप लगेच चालू करा.

बाकी थोडक्यात: वाफवलेला पालक कमीच, उरलेला त्याच दिवशी बाहेर. देशी बदामाचं एक वाळलेलं पान टाकीत. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, नवीन पाणी त्याच तापमानाचं. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर छोटा पंखा.