मानेच्या लिगामेंटची दुखापत: नव्या रेसिडेंटसाठी काही अनुभव

‘हाड मोडलेले नाही’ असा रिपोर्ट आला की नव्या डॉक्टरचा जीव भांड्यात पडतो, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. अपघातानंतर मान तपासण्याचे कॅनेडियन सी-स्पाइन नियम आणि नेक्ससचे निकष तुम्हाला पाठ असतीलच. पण ते एक्स-रे किंवा सीटी काढावा की नाही एवढेच ठरवतात, लिगामेंट (मणक्यांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा) शाबूत असल्याची हमी देत नाहीत.

रेसिडेन्सीत मला सर्वाधिक छळले ते याच गोष्टीने, म्हणून जरा विस्ताराने सांगते. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, दिसतो तो जागेवरून सरकलेला मणका. रुग्ण उताणा झोपलेला असतो, वेदनेने मानेचे स्नायू आखडलेले असतात आणि तेच स्नायू सैल झालेल्या मणक्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. त्यामुळे अपघाताच्या दिवशी मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रेही फसवतो; मान पुरेशी हललीच नाही, तर अस्थिरता दिसणार कुठून? चांगल्या सीटीतून अस्थिर दुखापत निसटणे विरळ आहे, तरीही मानेच्या मागे मधोमध दाबल्यावर दुखत राहिले किंवा हातात मुंग्या, अशक्तपणा असेल, तर एमआरआय करावा, शक्यतो पहिल्या 72 तासांत, कारण पुढे सूज ओसरते आणि खूण पुसट होते.

रिपोर्ट वाचण्याआधी फिल्म स्वतः पाहा. एकाच पातळीवर दोन स्पायनस प्रोसेस (मणक्यांची मागे निघालेली टोके) पंख्यासारखे फाकले आहेत का, मणका 3.5 मिलिमीटरहून जास्त सरकला आहे का, शेजारच्या पातळ्यांपेक्षा कोन 11 अंशांहून अधिक आहे का, आणि प्रौढाच्या अ‍ॅटलास (पहिला मणका) व डेन्स (दुसऱ्या मणक्याचा वर आलेला दातासारखा भाग) यांमधले अंतर 3 मिलिमीटरच्या पुढे गेले आहे का, हे मोजा. फिल्मवर बोट ठेवून दाखवणारा एक सीनियर दहा व्हिडिओंपेक्षा मोलाचा असतो. व्हिडिओ पाहून ताज्या दुखापतीत शार्प-पर्सर चाचणी (डोके हाताने मागे ढकलून पहिल्या दोन मणक्यांची स्थिरता पाहणे) मात्र कदापि करू नका.

घाबरूनही जाऊ नका. बहुतेक रुग्णांना साधी लचकच असते. वेदनाशामक औषधे आणि लवकर सुरू केलेली हालचाल यांनी ते बरे होतात, उलट महिनोन्महिने घातलेली कॉलर स्नायू दुबळे करते. एमआरआयमध्ये अ‍ॅलार लिगामेंट (डेन्सला कवटीशी बांधणारे) थोडे उजळ दिसले, तर तेवढ्यावर निदान करू नये, कारण निरोगी माणसांतही ते तसे दिसते. ट्रान्सव्हर्स लिगामेंट (डेन्सला पहिल्या मणक्यात जागेवर धरणारे) मधोमध तुटले असेल, तर ते कॉलरने जुळत नाही. पहिले दोन मणके जोडण्याची शस्त्रक्रिया लागते. हाडाच्या तुकड्यासह उपटले गेले असेल, तर हॅलो व्हेस्टमध्ये (कवटीला स्क्रूने बसवलेली कडी आणि तिला जोडलेले जाकीट) ते अनेकदा जुळते.

शंका उरलेल्या रुग्णाला कॉलरसह घरी पाठवताना, स्नायू सैल झाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, पुन्हा तपासणीची तारीख द्या. आणि चालताना तोल जाणे, हात बधिर होणे किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी परत यावे, हे कागदावर स्पष्ट लिहून द्या.