मोर्चाआधीची तयारी: कागद, पैसा, माणसं आणि मग चौक

कपात जाहीर झाली की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "कधी जमायचं?" तारखेची घाई करू नका. सरकारी खर्चातली कपात आणि राजकीय भ्रष्टाचार या दोन्हींविरुद्ध एकाच वेळी उभं राहायचं असेल, तर दोन्हींना जोडणारा एखादा तरी कागद हातात हवा. तो नसला की कपातीच्या प्रश्नावर "तिजोरीत खडखडाट आहे" असं उत्तर मिळतं, भ्रष्टाचाराच्या प्रश्नावर "पुरावा आणा", आणि मोर्चा हात हलवत परत येतो. म्हणून या यादीत चौक बराच खाली आहे.

सुरुवात अर्थसंकल्पापासून. निदान चार वर्षांची कागदपत्रं मिळवा आणि ज्या खात्याला कात्री लागली आहे तेवढीच पानं बाजूला काढा. अख्खा अर्थसंकल्प वाचायला बसलेला गट सहसा आरोग्यापर्यंत पोहोचण्याआधीच फुटतो. पानावर तीन आकडे शोधायचे: मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. भाषणात मिरवतो तो पहिला. खरी कपात दुसऱ्या-तिसऱ्यात सापडते, कारण तरतूद कायम ठेवून पैसे सोडायचेच नाहीत ही जुनी हातचलाखी आहे. तरतूद तीन वर्षं तेवढीच राहिली आणि महागाई वाढत गेली, तर तीही कपातच धरा. मग रिकाम्या जागा मोजा. पद रद्द केलं की बोभाटा होतो. निवृत्त झालेल्याच्या जागी कुणाला घेतलंच नाही, तर कुणाला पत्ता लागत नाही. आदेशात "सुसूत्रीकरण", "विलीनीकरण", "पुनर्रचना" असले शब्द दिसले, की त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा.

दुसरा गठ्ठा निविदांचा आणि लेखापरीक्षणाचा. लेखापरीक्षकांचा अहवाल रटाळ असतो, पण आपल्या कामाची वाक्यं त्यातच पडलेली असतात आणि ती सरकारनेच नेमलेल्या माणसाने लिहिलेली असतात, म्हणजे "विरोधकांचा कांगावा" म्हणायची सोय राहत नाही. निविदांमध्ये काय पाहायचं? एकाच ठेकेदाराची निविदा आली आणि तीच मंजूर झाली का. मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली बसावेत असे कामाचे तुकडे पाडले आहेत का. स्पर्धक म्हणून आलेल्या दोन कंपन्यांचा पत्ता एकच आहे का. काम मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांत "वाढीव कामा"च्या नावाखाली रक्कम फुगली का. कंपन्यांची नोंदवही खुली असेल, तर लोकप्रतिनिधींनी जाहीर केलेली मालमत्ता तिच्या शेजारी ठेवून वाचा. यात कौशल्यापेक्षा चिकाटी लागते. निवृत्त कारकून आणि शाळेतले गणिताचे शिक्षक यात वकिलांपेक्षा जास्त उपयोगी पडतात, असं माझं मत आहे.

प्रत्येक आकडा दोघांनी वेगवेगळा बसून काढायचा. ही अट जाचक वाटते, पण काटकसरीच्या धोरणाचाच इतिहास पाहा. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली मांडलं, की कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ कोसळते. कपातीचं समर्थन करणाऱ्या मंत्र्यांनी हा आकडा डोक्यावर घेतला. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल फाइल मागवून तपासली, तर सरासरी काढताना पाच देश सूत्राबाहेरच राहिले होते. इतरही निवडी त्याला खटकल्या. त्याने हिशेब नव्याने केला, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून अधिक २.२ टक्क्यांवर गेली. त्याआधी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही कबूल केलं होतं की कपातीचा अर्थव्यवस्थेला बसणारा फटका त्यांनी कमी धरला होता: गुणक (खर्च एक रुपयाने कमी केला तर अर्थव्यवस्था किती रुपयांनी आटते तो आकडा) ०.५ मानला होता, प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ निघाला. ही दोन उदाहरणं वक्त्यांना पाठ असू द्या. आणि हेही लक्षात असू द्या, की आपल्या पत्रकातला एक आकडा चुकला तर समोरचा उरलेल्या नऊ आकड्यांबद्दल बोलणारच नाही.

कागद मिळाले म्हणजे लोकांना कळले असं होत नाही. ते मोठ्याने वाचावे लागतात. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संगठनने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या त्या अशाच: हजेरीपट घ्यायचा, नाव वाचायचं, आणि समोर बसलेल्यांना विचारायचं की हा माणूस कामावर होता का. मेलेल्यांची नावं निघाली, कधीच कामावर न गेलेल्यांची निघाली, कागदावर पुऱ्या झालेल्या आणि जमिनीवर नसलेल्या बांधकामांची निघाली. कुणी भाषण करायची गरज उरली नाही. पुढे १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं आणि माहितीच्या अधिकाराच्या मागणीने जोर धरला. देशाचा कायदा २००५ साली आला. तेव्हा मोर्चाआधी निदान एक वाचनसभा ठरवा, आणि वाचायला अशी व्यक्ती निवडा जी अडखळणार नाही पण नाटकही करणार नाही. मजकूर लोकांच्या बोलीत आणा. केनियात २०२४ च्या वित्त विधेयकाचं तरुणांनी तेच केलं: कलमं सोपी करून स्थानिक भाषांत सांगितली, छोटे व्हिडिओ फिरवले. पावावर १६ टक्के कर बसणार हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

आता मागणी. एकच ठेवा, फार झालं तर दोन. "भ्रष्टाचार थांबवा" ही मागणी नव्हे, कारण ती मान्य झाली की नाही हे सांगता येत नाही. पोर्तुगालमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये कामगारांचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता ११ वरून १८ टक्के करायचं ठरलं. १५ सप्टेंबरला देशभर माणसं रस्त्यावर आली आणि त्याच महिन्यात सरकारने तो बदल मागे घेतला. रोमानियात ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एक अध्यादेश निघाला, ज्याने दोन लाख लेईपेक्षा (लेई हे तिथलं चलन) कमी नुकसानीचा पदाचा गैरवापर गुन्ह्यातून वगळला. रोज रात्री चौक भरत गेले आणि आठवड्याच्या आत अध्यादेश रद्द झाला. दोन्हीकडे मागणी एका ओळीची होती आणि तिचं उत्तर हो किंवा नाही एवढंच होतं.

भ्रष्टाचाराचा आरोप करतानाही हेच सूत्र पाळा: जेवढं सिद्ध करता येतं तेवढंच. स्पेनमध्ये बॅंकिया ही बॅंक वाचवायला २०१२ साली २२ अब्ज युरोंहून जास्त सार्वजनिक पैसा ओतला गेला, आणि त्याच सुमारास शाळा-दवाखान्यांवर कात्री चालली. २०११ मध्ये चौकांत तळ ठोकून झालेल्या आंदोलनातून निघालेल्या एका गटाने लोकवर्गणी काढून बॅंकेचे माजी अध्यक्ष रोद्रिगो रातो यांच्याविरुद्ध तक्रार गुदरली. शेअर विक्रीच्या मोठ्या खटल्यात ते २०२० मध्ये निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती वेगळ्याच, आकाराने छोट्या प्रकरणात: संचालकांनी खासगी खर्चासाठी वापरलेली बॅंकेची कार्डं, मिळून सुमारे १ कोटी २० लाख युरो. त्यात रातोंना २०१७ मध्ये साडेचार वर्षांची कैद सुनावली गेली. हॉटेलांची आणि कपड्यांची बिलं न्यायाधीशाला समजतात, आणि चौकातल्या माणसालाही.

पैसा. पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून. खजिनदार आणि हिशेब तपासणारा एकाच घरातले नकोत. राजकीय पक्षाकडून किंवा ठेकेदाराकडून मांडव, गाड्या, जेवण यांपैकी काहीही घ्यायचं की नाही, हे आधीच ठरवून लिहून ठेवा. ऐन वेळी फुकटचा ट्रक नाकारणं फार जड जातं. २०११ साली माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात तळ ठोकून बसलेल्यांनी रोख देणगी घ्यायचीच नाही असं ठरवलं होतं. वस्तू आणा म्हणत. तेवढं कडक होणं सगळ्यांना परवडेल असं नाही. पण जमाखर्च दर आठवड्याला फलकावर लावायला कुठलीच अडचण नसते, आणि दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याकडे लोक आधी तोच बघतात.

कायद्याची बाजू. शांततेने जमण्याचा हक्क नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २१ व्या कलमात आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२० मध्ये त्यावर सविस्तर भाष्य केलं आहे: प्रशासनाला पूर्वसूचना देण्याची अट चालू शकते, पण जमण्यासाठी परवानगी घ्यावी लागणं या हक्काच्या मुळावर येतं. ठाण्यातल्या अधिकाऱ्यासमोर मात्र हे भाष्य घेऊन वाद घालत बसू नका. स्थानिक नियम काय म्हणतो ते वकिलाकडून लेखी घ्या, अर्ज मुदतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का असलेली पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. नकार आला तर तोही लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध न्यायालयात जाणं फार अवघड जातं. मोर्चाच्या दिवशी दोन वकील फोनजवळ हवेत, आणि त्यांचा नंबर प्रत्येकाच्या दंडावर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेला हवा, कारण अटकेत पहिला जातो तो मोबाइल.

मोबाइलबद्दल थोडक्यात: बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडायची सोय बंद करून लांब पासवर्ड ठेवा, लोकेशन बंद करा, आणि ज्यांची नोकरी जाऊ शकते अशांचे चेहरे असलेले फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. अटक होताना कुणी चित्रीकरण करत असेल तर त्याने लांबून, अखंड, स्वतःची टिप्पणी न करता करावं.

माणसं जमवताना ज्यांच्यावर कपात येते आणि जे ती सेवा देतात, ते दोघं एका बाजूला आणणं हे खरं कष्टाचं काम, आणि बहुतेक ठिकाणी तेच टाळलं जातं. दवाखाना बंद होणार म्हणून परिचारिका एकट्याच उतरल्या की "यांना फक्त पगाराची पडली आहे" असा प्रचार होतो. रुग्ण एकटे उतरले तर त्यांना आतलं काही माहीत नसतं. माद्रिदमध्ये २०१२ च्या शेवटी सहा रुग्णालयं आणि २७ आरोग्य केंद्रांचं व्यवस्थापन खासगी कंपन्यांना द्यायची योजना आली, तेव्हा डॉक्टर, सफाई कर्मचारी आणि रुग्ण पांढऱ्या कपड्यांत एकत्र चालले. ते एकदा चालून थांबले नाहीत. बाजूने न्यायालयातली लढाई चालू होती, तिथे स्थगिती मिळाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये सरकारने योजना गुंडाळली. आरोग्य खात्याच्या प्रमुखाने राजीनामा दिला. चौदा महिने टिकायचं तर बैठका कंटाळवाण्या होऊन चालत नाहीत. पुएर्ता देल सोलच्या सभांत हातांच्या खुणा ठरलेल्या होत्या: दोन्ही हात वर करून हलवले की मान्य, हातांची फुली केली की अमान्य, आणि हात एकमेकांभोवती फिरवले की "तुम्ही तेच तेच बोलताय". ही तिसरी खूण प्रत्येक संघटनेने ताबडतोब उचलावी.

मोर्चाच्या दिवसाचं फारसं सांगण्यासारखं नाही. फलकावर एकच वाक्य, वीस पावलांवरून वाचता येईल असं. पाणी, प्रथमोपचार, म्हाताऱ्यांना बसायला जागा, मुलं घेऊन आलेल्यांना बाहेर पडायची वाट. अश्रुधुराची शक्यता असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, तोंडाला तेलकट मलम लावू नका, आणि डोळे चोळण्याऐवजी भरपूर पाण्याने धुवा. स्वयंसेवकांचं मुख्य काम आपल्याच माणसांना आवरण्याचं असतं, याची तालीम आदल्या दिवशी करा: एकाने दगड उचलल्याचं सोंग करायचं, बाकीच्यांनी त्याला हात न उगारता बाजूला न्यायचं. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ चळवळींचा अभ्यास केला, त्यात अहिंसक चळवळींपैकी ५३ टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्रांपैकी २६ टक्के. केनियात २५ जून २०२४ ला जमाव संसदेत घुसला, गोळीबारात माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करणार नसल्याचं सांगितलं. ते यश मोजताना ही किंमतही मोजावी लागते, आणि तुमच्या बैठकीत कुणी उत्साहाने त्या दिवसाचं नाव घेतलं तर यश आणि किंमत दोन्ही विचारा.

निवेदन द्यायला जाणारं शिष्टमंडळ पाच जणांचं, त्यात कपातीचा फटका बसलेली दोन माणसं असलीच पाहिजेत. आत काय बोलणं झालं ते बाहेर येऊन लगेच सगळ्यांसमोर सांगायचं, चहा घेतला असेल तर तेही. तोंडी आश्वासन मिळालं तर "हेच लिहून द्या" म्हणा. बैठकीचं इतिवृत्त मागा, नाहीतर तुम्हीच लिहून सहीला पाठवा.

पुढची तारीख मोर्चा पांगायच्या आत जाहीर व्हायला हवी. आइसलॅंडमध्ये २००८ च्या ऑक्टोबरात बॅंका कोसळल्यावर लोक दर शनिवारी संसदेसमोरच्या त्याच मैदानावर जमत राहिले. जानेवारीत भांडी वाजवायला लागले, आणि त्या महिनाअखेर सरकार गेलं. दर आठवड्याला ठरलेला वार, ठरलेली जागा, म्हणजे कुणाला निरोप धाडायला लागत नाही. तळ ठोकला असेल तर तो कधी उठवायचा हेही ठरवून ठेवा, कारण थकून उठणं आणि ठरवून उठणं यांत लोक बरोबर फरक करतात; पुएर्ता देल सोलचा तळ १२ जून २०११ ला ठरवून उठला आणि सभा वस्त्या-वस्त्यांत सुरू राहिल्या.

घरी गेल्यावर कागदांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि पुढच्या अर्थसंकल्पाची तारीख आताच लिहून ठेवा, कारण मागे घेतलेली कपात बहुतेकदा पुढच्या वर्षी, दुसऱ्या खात्याच्या पानावर, दुसऱ्या नावाने परत येते. ते पान कोण उघडणार, त्याचं नाव तारखेशेजारी लिहा.