गिअरबॉक्स उतरवण्याआधी: ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीतला दोष कसा शोधावा आणि दुरुस्त करावा

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स उतरवणे हे दोन माणसांचे जवळजवळ दिवसभराचे काम आहे, कारण मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग, यालाच ट्रान्सफर बॉक्सही म्हणतात) सोडवल्याशिवाय तो जागचा हलत नाही. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. गेल्या हिवाळ्यात नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या गॅरेजमध्ये अशीच एक गाडी आली होती. मालकाला दुसरीकडे ‘गिअरबॉक्स गेला’ असे सांगण्यात आले होते. गाडीने ताशी ६० चा वेग घेतला की घुमणारा आवाज सुरू होई, आणि गिअर बदलला तरी तो बदलत नसे. ट्रान्सफर बॉक्सचा भरणीचा बोल्ट उघडून मी बोट आत वाकवले, तर बोटाला तेल लागलेच नाही. ऑइल सील गळून बॉक्स कोरडा पडला होता. सील आणि बेअरिंग बदलले. गिअरबॉक्स उघडावा लागला नाही.

सर्वांत आधी गाडीची रचना समजून घ्यावी. डस्टर एडब्ल्यूडी (ऑल-व्हील-ड्राइव्ह) सारख्या गाडीत इंजिन आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने, असते, गिअरबॉक्सला चिकटून ट्रान्सफर बॉक्स असतो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) तोंडाशी विजेवर चालणारा क्लच असतो. अशा गाडीत नॉब टू-व्हीलवर फिरवला तरी मागे जाणारा शाफ्ट फिरतच राहतो, त्यामुळे तेवढ्याने आवाज थांबला नाही म्हणून शाफ्ट निर्दोष ठरत नाही. ताडोबा-पेंचच्या जिप्सीची रचना वेगळी आहे. तिथे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, असते, ट्रान्सफर केस वेगळी असते आणि फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या, नेहमीच्या वेगाच्या स्थितीत) पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. आपल्या नागपुरात आता कितीतरी रस्ते सिमेंटचे आहेत. कोरड्या सिमेंटवर फोर-एचमध्ये वळण घेतले की चाकांना घसरून वेगाचा फरक भरून काढता येत नाही, ताण साठतो आणि फोर-एचचा लिव्हर अडकतो. पुष्कळ जण हा गिअरबॉक्सचा बिघाड समजतात. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की बहुधा ताण सुटतो आणि लिव्हर निघतो.

यानंतर कान लावावा. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू असताना घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) झिजले आहे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरचे दाते किंवा त्याचे बेअरिंग पाहावे. उभ्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर बहुधा थेट असतो, म्हणजे ताकद दुसऱ्या दात्यांतून न फिरता सरळ पुढे जाते; बाकी गिअरमधला आवाज चौथ्यात मंदावत असेल तर खालच्या काउंटर शाफ्टचे बेअरिंग तपासावे, कारण थेट गिअरमध्ये त्यावर भार नसतो. पहाटे आउटर रिंग रोडच्या मोकळ्या, सपाट पट्ट्यावर गाडी वेगात असताना काही क्षण न्यूट्रल करावी. तरीही घुमणे टिकले, तर दोष चाकांशी जोडलेल्या भागांत आहे: ट्रान्सफर बॉक्स, शाफ्टचे सेंटर बेअरिंग, मागचे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) किंवा चाकाचे बेअरिंग. डावी-उजवीकडे हलके वळण घेताना आवाज कमी-जास्त झाला तर बहुधा चाकाचेच बेअरिंग गेलेले असते. अॅक्सिलरेटर सोडता-दाबताना ‘ठक’ वाजत असेल तर शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले फुलीच्या आकाराचे भाग) हाताने हलवून पाहावेत.

गिअर टाकताना करकर होत असेल तर आणखी एक परीक्षा आहे. क्लच पूर्ण दाबून ५ सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही दाते करकरले तर क्लच पूर्ण सुटत नाही. स्लेव्ह सिलिंडरची (पेडलच्या दाबाने क्लच हलवणाऱ्या सिलिंडरची) गळती आणि क्लचचे द्रव आधी पाहावे. करकर फक्त एका पुढच्या गिअरला होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी) झिजली आहे.

या तपासण्यांसाठी एक चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये कधीही चालवू नये. जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून ओढून नेतात, आणि खाली माणूस असतो.

तेल काढणे हीच मोठी तपासणी आहे. गाडी थोडी फिरवून तेल गरम करावे आणि आधी भरणीचा बोल्ट सैल होतो याची खात्री करून मगच खालचा बोल्ट काढावा. नाहीतर तेल रिकामे आणि भरणी जाम, अशी पंचाईत होते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर काळजी नाही. बोटांत टोचणारे तुकडे सापडले तर बॉक्स उघडावाच लागेल. सोनेरी चमक पितळी सिंक्रो रिंगची असते. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या, तेव्हा अशा तेलाचा धडा अनेकांना मिळाला. तापलेला बॉक्स पाण्यात अचानक थंड झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) पाणी ओढले जाते. तेल बदलून थोडे चालवावे, पुन्हा काढावे, आणि ब्रीदरही स्वच्छ करावा.

उतरवायचेच ठरले तर बॅटरी सोडावी, शाफ्टच्या फ्लँजवर रंगाने खुणा कराव्यात, इंजिनाला आधार द्यावा आणि बॉक्सचे वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नये, कारण त्याने क्लच प्लेट वाकते. सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर (कोनवर) हाताने दाबून रिंग आणि दात्यांमधले अंतर फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजावे आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावे. बॉक्स खाली असतानाच रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील बदलून घ्यावेत.

तेलाबाबत तडजोड नको. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्ससाठी जीएल-४ (गिअर तेलाचा एक दर्जा) लिहिले असेल तर तिथे मागच्या डिफरन्शियलचे जीएल-५ ओतू नये. त्यातली रसायने काही बॉक्समधल्या पितळेला खातात आणि सिंक्रोची पकड कमी करतात. ट्रान्सफर बॉक्सचे तेल वेगळे मोजून भरावे. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले आहेत ना, हे पाहून मगच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी. एक टायर नवा आणि तीन जुने असतील, तर ट्रान्सफर आणि मागचा क्लच विनाकारण तापत राहतात आणि नवे बेअरिंग लवकर जाते.