योग्य दवाखान्याची वाट दाखवणारा चॅटबॉट कसा तयार करावा

चॅटबॉटने रोगाचे निदान करायचे नाही, तर रुग्णाने कुठे आणि किती लवकर जावे एवढेच सांगायचे, ही मर्यादा पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. त्यानंतर धोक्याच्या लक्षणांची यादी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी आणि ती एआयच्या अंदाजावर न सोडता पक्क्या नियमांत बांधावी. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, सर्पदंश किंवा गरोदरपणातील रक्तस्राव यांचा उल्लेख येताच पुढचे सर्व प्रश्न थांबून महाराष्ट्रातील रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक दिसला पाहिजे.

खरी मेहनत भाषेत आहे. ‘छातीत दुखते’ असे सगळेच लिहीत नाहीत. कोणी ‘छाती भरून आल्यासारखी वाटते’ म्हणते, कोणी ‘जीव घाबरा होतो’, तर कोणी हेच रोमन लिपीत लिहिते. अशी वाक्ये आशा सेविकांसोबत बसूनच गोळा करावीत. माझ्या मते याला पर्याय नाही.

माहितीसाठ्यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय असे स्तर ठेवून प्रत्येक ठिकाणापुढे बाह्यरुग्ण विभागाची वेळ, उपलब्ध सोयी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील समावेश आणि माहिती शेवटची पडताळल्याची तारीख नोंदवावी. शिळी माहिती तापाने फणफणलेले मूल कडेवर घेतलेल्या आईला बंद दारापाशी नेऊन उभी करते.

नाव किंवा आधार क्रमांक विचारू नये. वय, गाव आणि त्रास एवढे पुरते. चॅटबॉट लोकांपुढे आणण्यापूर्वी चाचणीतील प्रत्येक संभाषण डॉक्टरांनी वाचावे, आणि धोक्याचे एकही लक्षण निसटले असल्यास तो सुरू करू नये.