पूर ओसरताना घर कसं धुवायचं: गाळ, आड, वीज आणि भिंती

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये नदी तिथं ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी चढताना काय करायचं हे नदीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. चुकतं ते पाणी उतरताना. घर पूर्ण मोकळं होईपर्यंत लोक थांबतात, आणि मग घरात उरतो तो निव्वळ गाळ.

हा गाळ किती असतो ते बघा. १० बाय १० फुटांच्या खोलीत ४ इंच थर म्हणजे ३३ घनफूट, वजनाला दीड टनाच्या आसपास. घमेल्यात १५ किलो धरले तरी एका खोलीतून शंभर घमेली उचलावी लागतात. दोन दिवस ऊन पडलं की वरचा थर पापडासारखा तडकतो, खालचा फरशीला धरून बसतो, आणि मग फावड्याबरोबर फरशीचे टवकेही निघतात. म्हणून गाळ पाण्याबरोबरच घालवायचा.

आत शिरण्याआधी

गल्लीत पाण्याला ओढ असेल तर थांबा, ते संथ होऊ द्या. रोहित्रावरून (ट्रान्सफॉर्मरवरून) वीज बंद असल्याची महावितरणच्या लाइनमनकडून खात्री करून घ्या. शेजाऱ्याचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर चालू असेल तर तोही बंद करायला लावा. तिथून उलटा प्रवाह तुमच्या वायरींत येऊ शकतो. काठीने चाचपत चाला, कारण गटाराची झाकणं हमखास वाहून गेलेली असतात.

पांढऱ्या मातीच्या भिंतींचं घर असेल तर बाहेरूनच नीट न्याहाळा. पाणी असेपर्यंत अशी भिंत दोन्ही बाजूंच्या दाबावर उभी राहते. पाणी उतरलं की आधार जातो, आतली माती मात्र भिजलेलीच असते. त्यामुळे पूर गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीही भिंत बसते. फुगवटा, आडवी भेग किंवा चौकट तिरकी झालेली दिसली तर आत जाऊ नका.

दार उघडल्यावर आधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, भिजलेलं सामान. विमा आणि पंचनामा दोन्हींना हे लागतात. तलाठी येईपर्यंत चिखल तसाच ठेवायचा, हा गैरसमज महाग पडतो.

साप माळ्यावर, कपाटामागे, अंथरुणाच्या गठ्ठ्यात बसलेले असतात. आधी काठी, मग हात.

गाळ पाण्यात असतानाच ढवळा

पाणी गुडघ्याखाली आलं की काम सुरू करा. सर्वांत मागच्या खोलीपासून सुरुवात करून पुढच्या दाराकडे या. बादलीने पुराचंच पाणी भिंतीवर मारून वरचा चिखल खाली पाडा, मग लांब दांड्याच्या खराट्याने तळ ढवळा. पाणी चहासारखं गढूळ झालं की रुंद फळीने ते दाराबाहेर लोटा. उंबरा उंच असेल तर पाणी उंबऱ्याला टेकायच्या आत गाळ बाहेर गेला पाहिजे. नंतर खोलीचा हौद होतो आणि प्रत्येक बादली हातानेच उपसावी लागते.

एकदा ढवळून भागत नाही. पाणी वीतभर उतरलं की पुन्हा, घोट्याला आलं की पुन्हा. कृष्णा आणि पंचगंगा सावकाश उतरतात, त्यामुळे इथं बरेच तास हाताशी असतात. कोकणातल्या नद्या इतकी सवड देत नाहीत. जुलै २०२१मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं तसंच झपाट्याने उतरलं. तिथं खराटा, फळी, फावडं आणि गमबूट पावसाळाभर माळ्यावरच हवेत.

शेवटचा हात मात्र स्वच्छ पाण्याचा. द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तो एचटीपी पंप ट्रॅक्टरवर लावून आणला तर टँकरचं पाणी कमी लागतं आणि कोपरे साफ निघतात. मातीच्या किंवा भेगाळलेल्या भिंतीवर तो मारू नका.

गल्लीचा क्रमही ठरवून घ्या. उंचावरची घरं आधी मोकळी होतात आणि त्यांचा गाळ खालच्यांच्या दारात जातो. भांडणं इथूनच सुरू होतात. गटार खालच्या तोंडाकडून वर साफ करत या, वरून खाली नको. फावड्याने काढलेला गाळ गटारात न लोटता रस्त्याच्या एकाच बाजूला ढीग लावा, म्हणजे जेसीबी आणि ट्रॉलीला वाट राहते. भिजलेल्या गाद्या, धान्य आणि फर्निचर वेगळ्या ढिगात टाका. गाळात मिसळलेली गादी जेसीबीलाही उचलत नाही.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. उतरणाऱ्यांनी आरोग्य केंद्रात लेप्टोच्या (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारून घ्यावं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांपैकी काही झालं तर डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आवर्जून सांगा.

टीसीएल पावडर कुठं आणि किती

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ओल्या चिखलावर ही पांढरी पावडर भुरभुरवलेली दिसायला छान दिसते, पण ती वायाच जाते. तिच्यातला क्लोरीन चिखलातल्या कुजक्या भागातच खर्ची पडतो, जंतूंसाठी काही उरत नाही. आधी धुवा, मग पावडर. फरशी आणि मोरीसाठी १० लिटर पाण्यात ३० ते ४० ग्रॅम पावडर, फासल्यावर दहा मिनिटं तशीच ठेवा. संडास धुण्याचं ॲसिड तिच्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

विहीर किंवा आड पुराच्या पाण्याखाली गेला असेल तर लगेच तळापर्यंत उपसू नका. आजूबाजूची जमीन पाण्याने तुडुंब असते. आतलं पाणी एकदम काढलं की बाहेरच्या दाबाने बांधकाम आत ढासळतं. थोडं थोडं उपसा आणि मध्ये भिंती बघत राहा. सेप्टिक टाकीचंही तसंच, जमीन मुरेपर्यंत ती रिकामी करू नका.

पाण्याचं माप असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), गुणिले ७८५. उत्तर लिटरमध्ये येतं. ३ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर सुमारे ३५,००० लिटर. पहिल्या जबर मात्रेला दर हजार लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे २ किलो १०० ग्रॅम. दिवसभर ते पाणी कुणी वापरायचं नाही, मग थोडं थोडं उपसून टाकायचं. नव्याने भरलेल्या पाण्याला नेहमीची मात्रा: हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे याच विहिरीला ८८ ग्रॅम.

पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात तिची पातळ पेस्ट करा, एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, खालचा चुना फेकून द्या. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. पहिल्या मोठ्या मात्रेला बादल्या पुरत नाहीत, तेव्हा २०० लिटरच्या पिंपात किलोभर पावडर याच रीतीने कालवा. तासाभराने आरोग्यसेवकाकडून ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) करून घ्या. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर मात्रा पुन्हा द्या. पावडरीची पिशवी किती दिवस उघडी होती हेही विचारा. ताजी पावडर ३३ टक्क्यांच्या आसपास असते, दमट हवेत पडून राहिली की जोर जातो, आणि २० टक्क्यांखालची विहिरीत घालण्यात अर्थ नाही.

तोवर प्यायचं पाणी चौपदरी कापडातून गाळा, तुरटी फिरवून निवळू द्या आणि मग खळखळून उकळा.

वीज, कागद, धान्य

बुडालेली एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळती-संरक्षक स्विच वाळवून वापरू नका, बदला. वायरिंगची मेगरने, म्हणजे वायरीचं आवरण नीट आहे का हे मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी करून घ्या. रीडिंग एक मेगाओमपेक्षा कमी आलं तर आत अजून ओल आहे. ‘फक्त एक पंखा लावून बघतो’ म्हणत मेन चालू करणं सर्वांत धोक्याचं. फ्रिज आणि मोटारी मेकॅनिकने उघडल्याशिवाय लावू नका. गॅसचा रेग्युलेटर आणि नळी बदला.

खरेदीखत आणि पासबुकं ओली असताना पानं सोडवू नका, फाटतात. स्वच्छ पाण्यातून अलगद काढा आणि सावलीत, वाऱ्याला ठेवा. गठ्ठा मोठा असेल तर प्लॅस्टिक पिशवीत घालून कुणाच्या तरी डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, मग सवडीने एकेक वाळवता येतं.

पुराच्या पाण्यात भिजलेले गहू-ज्वारी कितीही वाळवली तरी खाऊ नका. जनावरांनाही घालू नका.

भिंतींना घाई नको

गणपती, दिवाळी तोंडावर असते म्हणून महिन्याभरात रंग काढणारे बरेच, आणि पुढच्या पावसाळ्याआधीच त्याचे पोपडे सुटतात. भिंतीला टेकलेली प्लायवूडची कपाटं काढा, फुगलेला गिलावा पाडा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ओल आहे का हे बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम आला असेल तर रंगवाल्याला आणखी थांबायला सांगा. पाण्याच्या रेघेवर तारीख आणि फूट लिहून ठेवायचं असेल तर ते रंगाच्या आधीच, बाहेरच्या भिंतीवर, ऑइलपेंटने.