आंबा विकणाऱ्याचा ब्लॉग: कसा लिहावा, कसा सांभाळावा

मार्च उजाडला की बागेतून थेट हापूस विकणाऱ्यांचा फोन खाली ठेवायला सवड मिळत नाही. पेटी पाच डझनी की सहा डझनी? आंबा कच्चा आला तर पिकेल कधी? फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल का? आतून पांढरा निघाला तर बदलून देणार का? तेच सात-आठ प्रश्न दिवसातून वीस वेळा येतात. ब्लॉग काढायचा तो या प्रश्नांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवण्यासाठी. ‘अस्सल हापूस मिळेल’ एवढंच सांगायचं असेल तर व्हॉट्सॲपचं स्टेटस पुरतं. इथे उदाहरण आंब्याचं घेतलं आहे, पण मसाले, फराळ किंवा शिवणकामाचा व्यवसाय असला तरी रीत हीच.

आधी वही

महिनाभर फोनजवळ वही ठेवा आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. तो ‘आंबा आतून पांढरा का निघाला?’ असं विचारतो, तेव्हा लेखाचं शीर्षकही तेच हवं. ‘फळांतील अंतर्गत विकृती : कारणे व उपाय’ असं शीर्षक दिलं तर लेख त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तो हे शब्द कधी टाइपच करत नाही. मग गूगलच्या चौकटीत प्रश्नाचे पहिले दोन-तीन शब्द टाकून खाली काय सुचवलं जातं ते बघा. एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन अक्षरांत टाका, कारण बरेच मराठी लोक मराठी प्रश्न रोमन अक्षरांतच टाइप करतात.

वहीत १२ ते १५ वेगळे प्रश्न जमले की पहिल्या वर्षाचं काम ठरलं. एका प्रश्नाला एक लेख. दर आठवड्याला काहीतरी टाकायचंच, हा नेम मात्र धरू नका. बहुतेक ब्लॉग याच नेमापायी बंद पडतात. सांगण्यासारखं संपतं, मग सणांच्या शुभेच्छा सुरू होतात आणि कामाचे लेख त्यांच्याखाली गाडले जातात.

जागा आणि पत्ता

तांत्रिक बाजू सांभाळायला माणूस नसेल तर गूगलचं ब्लॉगर पुरेसं आहे. ते मोफत आहे आणि त्यात अपडेट करत बसावं लागत नाही. वर्डप्रेस हे ब्लॉगचं दुसरं साधन स्वतःच्या होस्टिंगवर (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर) घेतलं तर मोकळीक जास्त मिळते, पण प्लगइन (वरून जोडलेली छोटी साधनं) वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावी लागतात, नाहीतर साइट हॅक होण्याचा धोका राहतो. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, मात्र स्वतःचं घ्या. त्याची नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर करा. साइट बनवून देणाऱ्याच्या ईमेलवर नोंदणी राहिली की मुदत संपल्याची सूचना त्याला जाते, तुम्हाला नाही, आणि ऐन हंगामात पान उघडेनासं होतं.

लेखाच्या पत्त्याकडे कोणी लक्ष देत नाही, पण मराठी ब्लॉगांचं घोडं तिथेच अडतं. लिंक कॉपी केली की पत्त्यातल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरं होतात. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे ‘आंबा’ या शब्दाची ३६ अक्षरं झाली. अशी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली तर तीन-चार ओळींचा गिचमिडकाला दिसतो आणि लोक ती उघडायला बिचकतात. वर्डप्रेस पत्ता २०० अक्षरांवर तोडतं, त्यामुळे मराठी शीर्षक अर्ध्यातच कापलं जातं. ब्लॉगर देवनागरी शीर्षकातून काहीच उचलत नाही आणि सगळ्या लेखांना ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडे असाच अर्थहीन पत्ता देतं. उपाय सोपा आहे. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकच्या (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या) खान्यात तीन-चार शब्दांचा पत्ता रोमन अक्षरांत स्वतः टाइप करा. त्यात वर्ष घालू नका, म्हणजे तोच लेख पुढच्या वर्षीही चालेल.

एक लेख जवळून

‘आंबा आतून पांढरा का?’ हाच लेख घेऊ. पहिल्या दोन ओळींत उत्तर द्या: याला साका म्हणतात, तो बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो आणि हापूसमध्ये तो ठळकपणे आढळतो. त्यानंतर कारण सांगा. उष्णतेचा त्याच्याशी संबंध आहे, आणि फळ झाडावर फार वेळ राहिलं की प्रमाण वाढतं. म्हणून जाणकार बागायतदार आंबा चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार झाला की देठासह उतरवतात. शेवटी तुमचा नियम लिहा: कापलेल्या आंब्याचा फोटो किती तासांत पाठवायचा, आणि बदली फळ मिळणार की पैसे. लोक लेख वाचतात ते या शेवटच्या भागासाठी, म्हणून तिथे गोलमाल नको. असा लेख ४०० ते ७०० शब्दांत बसतो.

पिकवण्याच्या लेखातही असाच नेमकेपणा हवा. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा पेंढा, जागा हवेशीर, रोज एकदा चाळून पिकलेले वेगळे काढणं. कच्चा आंबा फ्रीजमध्ये गेला तर नंतर धड पिकत नाही, हे ठळक अक्षरांत लिहा. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तेही सांगा.

शब्द जपून वापरा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. माल बाहेरचा असेल तर तसं स्पष्ट लिहा. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली नसेल तर मानांकनाचं चिन्ह पानावर लावू नका. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक तळटीपेत कायम ठेवा.

फोटो आणि अक्षर

मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे सहा फोटो टाकले की गावाकडच्या नेटवर पान रखडतं. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा आणि वजन २०० केबीच्या आत ठेवा. त्यासाठी स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करून फोटो काढा, नाहीतर घराचा नेमका ठावठिकाणा फोटोच्या फाइलमधून बाहेर जातो. फोटो खरे हवेत: पेंढ्यातला आंबा, कापलेला साका, वजनकाट्यावरची पेटी. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंबा बघून गिऱ्हाईक तसाच आंबा मागतं आणि भांडण तिथून सुरू होतं.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या पद्धतीत, टाइप करा. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला रोमन अक्षरांचा कचरा दिसतो आणि गूगललाही तो कळत नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण हमखास तिथेच मोडतोड होते. मुक्तासारखा मोकळा फॉन्ट घ्या आणि दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ पट ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात.

वेळ

हंगामाचे लेख जानेवारीतच टाका. नवा लेख शोधात वर यायला काही आठवडे जाऊ शकतात. एप्रिलमध्ये लिहिलेला लेख सापडेपर्यंत पेट्या संपलेल्या असतात. भावाचं पान एकच ठेवा, दरवर्षी नवं करू नका. त्याच पत्त्यावर आकडे बदला आणि वर तारीख लिहा. जुने भाव वेगळ्या पानावर राहिले तर कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट दाखवून त्याच दराने पेटी मागतो.

देखभाल

महिन्यातून तासभर पुरतो. गूगलचं सर्च कन्सोल जोडून घ्या; तुमचे लेख शोधात कुठे दिसतात ते यात कळतं. ते मोफत आहे आणि १६ महिन्यांची माहिती दाखवतं. त्यात दोन गोष्टी बघा. लेख खूप वेळा दिसतो पण क्लिक होत नाही, तेव्हा शीर्षक आणि शोध-वर्णन (शोधनिकालात शीर्षकाखाली दिसणारा मजकूर) बदला. (ब्लॉगरमध्ये हे वर्णन आधी सेटिंगमधून सुरू करावं लागतं.) लेख आठव्या ते विसाव्या क्रमांकावर अडकला असेल तर नवा लिहू नका. त्यातच राहिलेला प्रश्न, एखादा नवा फोटो आणि इतर लेखांकडून एक-दोन लिंक घाला. मेहनतीचं चीज होतं ते इथेच.

प्रत्येक लेखातला व्हॉट्सॲपचा दुवा दाबून बघा. नंबर बदलला की तो एका पानावर बदलतो आणि दहा पानांवर तसाच राहतो. लेख काढून टाकायची वेळ आली तर जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे वाट वळवून (रीडायरेक्ट करून) द्या.

तीन महिन्यांनी बॅकअप घ्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडच्या निर्यात फाइलमध्ये मजकूर असतो, पण फोटोंचे फक्त पत्ते असतात. म्हणून मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, लेखाच्या नावाने, दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

जूनमध्ये शेवटची पेटी गेली की भावाचं पान काढू नका. त्यावर ‘यंदाचा हंगाम संपला, पुढची नोंदणी फेब्रुवारीपासून’ असं लिहा, खाली नाव-नंबर नोंदवायचा फॉर्म जोडा, आणि हंगामभरात वहीत जमलेले नवे प्रश्न पावसाळ्यात लिहायला घ्या.